एक इमारत, एक जोडणी : एका नियमाचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा काही मंडळींनी आम्हांला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने विजेच्या तारांवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. आम्ही वायरमन नाही, इंजिनिअरही नाही. पण 'एक म्हणजे काय आणि दोन म्हणजे काय' हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे, आणि आम्ही वर्षानुवर्षं वर्गात त्याभोवती घिरट्या घातल्या आहेत. त्याचं एक अगदी व्यवहारी उत्तर आम्हांला अमेरिकेच्या विद्युत संहितेत सापडलं. आमच्या विद्येत उत्तर चुकलं तर फार तर परीक्षेत गुण जातात. तिथे चुकलं तर माणूस जातो. म्हणून हा विषय.

नियम साधा आहे. 'नॅशनल इलेक्ट्रिकल कोड' नावाच्या अमेरिकन संहितेचं कलम २३० सांगतं, की एका इमारतीला विजेची एकच सर्व्हिस असावी. सर्व्हिस म्हणजे वीजकंपनीच्या रस्त्यावरच्या जाळ्यापासून आपल्या मेन स्विचपर्यंत येणारी जोडणी. नियम एका वाक्यात संपतो. मग अपवाद सुरू होतात, आणि ते नियमाच्या कित्येक पट जागा घेतात. आम्ही आज हा नियम आणि हे अपवाद, दोन्हींचा इतिहास सांगणार आहोत.

सुरुवात १८८२ सालापासून करू. त्या वर्षी ४ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं. एकदिश प्रवाह, ११० व्होल्ट, आणि पुरवठा आसपासच्या काही गल्ल्यांपुरता. त्याच वर्षी लंडनमध्ये विजेच्या वायरिंगचे पहिले नियम निघाले, आणि ते काढणारी एक संस्था होती फीनिक्स फायर ऑफिस, म्हणजे आगीचा विमा उतरवणारी कंपनी. ही गोष्ट ध्यानात ठेवा. विजेचे नियम आधी सरकारने केले नाहीत, विद्यापीठांनीही केले नाहीत. ज्यांच्या खिशाला आगीची झळ लागत होती, त्यांनी केले. त्यामुळे या नियमांच्या मुळाशी 'वीज कशी द्यावी' यापेक्षा 'आग कशी टाळावी' ही काळजी जास्त आहे.

पुढच्या आठ-दहा वर्षांत अमेरिकन शहरांच्या डोक्यावर तारांचं जंगल माजलं. टेलिग्राफच्या तारा, टेलिफोनच्या तारा, रस्त्यावरच्या आर्क दिव्यांच्या मोठ्या दाबाच्या तारा. प्रत्येक कंपनीची तार वेगळी आणि खांब मात्र बऱ्याचदा तेच. ११ ऑक्टोबर १८८९ या दिवशी मॅनहॅटनमध्ये ऐन जेवणाच्या सुट्टीत जॉन फीक्स नावाचा वेस्टर्न युनियन या टेलिग्राफ कंपनीचा लाइनमन खांबावर काम करत होता. आजूबाजूच्या तारा टेलिग्राफच्या, म्हणजे त्याच्या समजुतीप्रमाणे निरुपद्रवी. पण दूर कुठेतरी त्यांतली एक तार मोठ्या दाबाच्या तारेला चिकटली होती. फीक्स भर गर्दीसमोर तारांत अडकून मेला, आणि खाली उभे असलेले लोक काहीही करू शकले नाहीत. त्यानंतर शहरात जो गदारोळ झाला, तो 'प्रवाहांचं युद्ध' म्हणून आपण ऐकलेल्या कथेचा भाग आहे.

एडिसन बरोबर की वेस्टिंगहाउस, या वादात आज आम्हांला शिरायचं नाही. फीक्सच्या मृत्यूतून एवढंच घ्यायचं, की तारेकडे बघून ती जिवंत आहे की मेलेली हे कळत नाही. ते कळायला तिच्यात वीज कुठून येते आणि ती कुठे तोडता येते, हे माहीत असावं लागतं. वीज दोन ठिकाणांहून येत असेल आणि आपल्याला एकच ठाऊक असेल, तर आपलं ज्ञान अर्धं राहत नाही. ते घातक होतं. कारण काहीच माहीत नसलेला माणूस तारेला हात लावत नाही. अर्धं माहीत असलेला लावतो.

१८९५ पर्यंत अमेरिकेत वायरिंगच्या पाच वेगवेगळ्या संहिता चालू होत्या. एकीत चालतं ते दुसरीत चालेना. शेवटी मार्च १८९६ मध्ये न्यूयॉर्कला निरनिराळ्या संस्थांचे २३ प्रतिनिधी जमले. अध्यक्ष होते कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रान्सिस क्रॉकर. त्यांनी या पाच संहिता, शिवाय जर्मन आणि ब्रिटिश नियम समोर ठेवून एक मसुदा केला आणि तो अमेरिकेत व युरोपात मिळून सुमारे १,२०० जाणकारांकडे मतासाठी पाठवला. १८९७ मध्ये पहिली संहिता छापून आली. १९११ पासून तिची जबाबदारी 'नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन' या संस्थेकडे आहे. इथेही नावात आग आहे, वीज नाही! आज दर तीन वर्षांनी तिची नवी आवृत्ती निघते. 'एक इमारत, एक जोडणी' हा नियम आणि त्याचे अपवाद अशाच आवृत्त्यांमधून घासूनपुसून आजच्या रूपात आले.

आता नियमामागचा विचार बघा. आग लागली आहे आणि बंबवाले आले आहेत. पाणी मारायच्या आधी त्यांना इमारतीची वीज तोडायची आहे. धूर आहे, अंधार आहे, इमारत अनोळखी आहे. अशा वेळी त्यांना एका जागी जाऊन, खटके पाडून, 'आता इथे वीज नाही' असं खात्रीने म्हणता आलं पाहिजे. जोडण्या दोन असतील, एक पुढच्या दारी आणि एक मागच्या बोळात, तर पुढचा खटका पाडल्यावर जो भरवसा वाटतो तो खोटा असतो.

संहितेने इथे माणसाच्या हाताचा हिशोब केला आहे. एका जोडणीचा पुरवठा तोडायला जास्तीत जास्त सहा खटके चालतील, आणि ते एकत्र, एका जागी असले पाहिजेत. जुने लोक याला 'हाताच्या सहा हालचाली' म्हणत. हा आकडा कुठल्या भौतिकशास्त्रातून आलेला नाही. घाईत, धुरात माणूस किती खटके पाडू शकेल, याचा तो अंदाज आहे. पुढे २०२० च्या आवृत्तीत यातही बदल झाला. सहाही खटके एकाच पेटीत असले, तर सगळे पाडल्यावरही पेटीतली मुख्य पट्टी जिवंतच राहते आणि तिच्यावर काम करणारा वायरमन धोक्यात येतो. म्हणून आता प्रत्येक खटक्याला स्वतंत्र पेटी किंवा स्वतंत्र कप्पा लागतो. त्याच आवृत्तीत एक-दोन कुटुंबांच्या घरांना बाहेरच्या बाजूला, सहज हाती लागेल असा आपत्कालीन खटका सक्तीचा झाला. बंबवाल्याला पेटत्या घरात शिरून तळघरातला मेन स्विच शोधावा लागू नये, हा हेतू.

इथवर ठीक. पण 'एका इमारतीला' असं म्हटल्याबरोबर आमच्यासारख्यांचे कान टवकारतात. एक इमारत म्हणजे काय?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात रथाचा दृष्टान्त येतो. चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही, मग रथ कुठे आहे? नैयायिकांनी उलट बाजू घेतली. अवयवांहून अवयवी वेगळा आणि खरा आहे, असं ते म्हणाले. हा वाद शतकानुशतकं चालला आणि सुटला असं म्हणवत नाही.

संहितेला इतका वेळ नव्हता. तिने उत्तर दिलं ते असं : जी वास्तू स्वतंत्र उभी आहे ती एक इमारत, आणि जी शेजारच्या वास्तूपासून अग्निरोधक भिंतीने तोडलेली आहे तीही एक इमारत. म्हणजे छप्पर सलग असू दे, दर्शनी भाग सलग असू दे, मालक एक असू दे. मधे पायापासून नियमाप्रमाणे अग्निरोधक भिंत घातली, की त्या दोन इमारती झाल्या आणि प्रत्येकीला आपली जोडणी मिळाली. भिंत काढून टाका, पुन्हा एक.

आम्हांला हे उत्तर फार आवडतं. इमारतीचं एकत्व डोळ्यांनी ठरत नाही, सातबाऱ्यावर ठरत नाही. आग जिथवर बेधडक पसरू शकते तिथवर इमारत एक. 'एक' ही वस्तूची उपजत खूण नसून कुठल्यातरी हेतूने आखलेली सीमा असते, असं नागसेनाच्या बाजूने बोलणारा म्हणेल. नैयायिक म्हणेल, भिंत तर खरी आहे ना, आग तिथे खरोखर थांबते ना? दोघांचंही म्हणणं यात बसतं.

आता अपवादांकडे येऊ. त्यांतले काही निव्वळ सोयीचे आहेत, ते भरभर सांगतो. इमारत अवाढव्य असेल तर एका जोडणीत भागत नाही. भार २,००० अँपिअरच्या वर गेला तर जास्तीची जोडणी चालते. भाडेकरू अनेक असतील आणि सगळ्यांना पोचता येईल अशी सामाईक जागाच नसेल, तर खास परवानगीने चालते. विजेचा प्रकार वेगळा असेल, म्हणजे दाब वेगळा, फेज वेगळे, किंवा दरच वेगळा, तरीही चालते.

यातल्या 'वेगळा प्रकार' या अपवादामागे मोठा इतिहास आहे. प्रत्यावर्ती प्रवाह जिंकला हे खरं, पण हरलेला प्रवाह लगेच मेला नाही. मॅनहॅटनमधल्या जुन्या इमारतींच्या लिफ्टच्या मोटारी एकदिश प्रवाहावर चालत होत्या, आणि मोटार धडधाकट असताना मालक ती का बदलेल? म्हणून दिव्यांना नवी वीज आणि लिफ्टला जुनी वीज, अशा दोन जोडण्या कित्येक इमारतींत दशकानुदशकं नांदल्या. न्यूयॉर्कच्या कंपनीने एकदिश प्रवाहाचा शेवटचा ग्राहक तोडला तो १४ नोव्हेंबर २००७ रोजी. पर्ल स्ट्रीटनंतर तब्बल १२५ वर्षांनी! इतिहासात एक युग संपून दुसरं सुरू होतं असं आपण शिकवतो खरं, पण प्रत्यक्षात दोन युगं एकाच मीटरच्या खोलीत शेजारी शेजारी राहतात.

आता ज्या अपवादावर आम्ही खरं बोलायला आलो आहोत, तो सांगतो. आगीच्या पंपासाठी वेगळी जोडणी चालते.

का, ते सरळ आहे. नियम केला तो आगीत वीज तोडता यावी म्हणून. पण आग विझवायचं पाणी वरच्या मजल्यांवर चढवणारा पंप विजेवरच चालतो. सगळी वीज एका खटक्यावर ठेवली आणि तो पाडला, तर पाणीही बंद. ज्या कारणासाठी एकत्व हवं, त्याच कारणासाठी इथे द्वैत हवं. म्हणून पंपाची वीज मुख्य खटक्याच्या अलीकडूनच घेता येते किंवा तिला स्वतंत्र जोडणी देता येते, आणि तिचा खटका नेहमीच्या खटक्यांपासून पुरेसा दूर ठेवावा लागतो. कुणी घाईत सगळे खटके पाडत सुटला, तर त्याच झपाट्यात पंपाचाही पडू नये.

या पंपाच्या बाबतीत संहिता आणखी एक विलक्षण गोष्ट करते. एरवी मोटारीला संरक्षण असतं. ती अडकली, तापली, की खटका आपोआप पडतो आणि मोटार वाचते. आगीच्या पंपाच्या पुरवठ्यावर जे संरक्षण बसवायचं, ते मोटार पूर्ण जाम झाल्यावर जेवढा प्रवाह ओढेल तेवढा बेमुदत वाहू देईल, इतक्या क्षमतेचं असावं लागतं. मोटार जळाली तर जळू दे, पण जळेपर्यंत ती बंद पडता कामा नये. यंत्राचा जीव आणि माणसाचा जीव यांत कुणाला आधी वाचवायचं, हे तिथे आकड्यांत लिहून ठेवलं आहे. नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही उपयोगितावादाची उदाहरणं द्यायचो, त्यांत इतकं नेमकं एकही नव्हतं.

पण दोन जोडण्या कागदावर असल्या म्हणजे त्या खऱ्या दोन असतातच असं नाही. २६ फेब्रुवारी १९९३ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात बॉम्बस्फोट झाला. सहा माणसं मेली आणि हजाराहून जास्त जखमी झाली. वीज गेली. आपत्कालीन जनरेटर सुरू झाले, पण त्यांना थंड ठेवणारं पाणी स्फोटात तुटलेल्या नळांतून येत होतं, त्यामुळे तेही थोड्याच वेळात बंद पडले. हजारो लोक धुराने भरलेल्या काळोख्या जिन्यांवरून चाचपडत, कित्येक मजले उतरून खाली आले. नंतर तिथे जिन्यांत बॅटरीवर चालणारे दिवे बसवले आणि पायऱ्यांना अंधारात चमकणारा रंग दिला.

याचा अर्थ काय? नेहमीचा पुरवठा आणि आपत्कालीन पुरवठा, नावं दोन. पण दोघांचा जीव एकाच तळघरात. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर तो भासमान भेद होता. खोटं एकत्व घातक आहे हे फीक्सच्या खांबावर दिसलं. खोटं द्वैत तितकंच घातक आहे, हे या तळघरात दिसलं. या नियमाचा सारा इतिहास आम्हांला असा दिसतो : तोडायची वीज खरोखर एका जागी तुटते का, आणि टिकायला हवी ती खरोखर दुसरीकडून येते का, या दोन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरं शोधण्याचा.

नियमाच्या शेवटी एक छोटंसं पोटकलम आहे. इमारतीला एकाहून जास्त जोडण्या असतील, तर प्रत्येक खटक्याजवळ कायमची पाटी लावा, आणि बाकीच्या जोडण्या कुठे आहेत, कोणती कुठल्या भागाला वीज देते, हे तिच्यावर लिहा. एकत्व टिकवता आलं नाही, तर निदान अनेकत्व लपवू नका. एक साधी पाटी, पण बंबवाल्याच्या दृष्टीने ती लाखमोलाची.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत १९०५ पासून बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीची वीज आली, आणि १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची जलवीज. एकाच शहरात दोन पुरवठादार, ही मुंबईची जुनी ओळख. त्यांच्या हद्दींचे वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. २००८ च्या निकालाने टाटांचा किरकोळ ग्राहकांना वीज विकण्याचा हक्क मान्य झाला, आणि २००९ मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगाने ग्राहकाला जुन्या कंपनीच्याच तारांवरून दुसऱ्या कंपनीची वीज घेण्याची मुभा दिली. अमेरिकन संहिता म्हणते, दर वेगळा असेल तर वेगळी जोडणी चालेल. इथे उलट झालं. बिल दोन कंपन्यांचं, तार मात्र एकच. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे चांगलंच. बिलाचा भेद तारेपर्यंत पोचू दिला नाही.

उंच इमारतींबाबत आपले नियमही स्पष्ट आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम १५ मीटरपेक्षा उंच इमारतीला, पुरवठा जिथे सुरू होतो तिथे, नजरेत भरेल आणि हात पोचेल अशा जागी संपूर्ण इमारत तोडणारा खटका मागतात. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते, की आगीचा पंप, लिफ्ट, जिने व मार्गिकांचे दिवे यांची सर्किटं मुख्य पॅनेलपासूनच वेगळी काढा आणि वेगळ्या नळीतून न्या. एका सर्किटची आग दुसऱ्याला लागू नये. तेच दोन प्रश्न, आपल्या कायद्यात.

पण कायदा लिहिला गेला तेव्हाची इमारत आणि आजची इमारत यांत फरक पडला आहे. आज आपल्या सोसायटीत वीज किती वाटांनी येते, मोजा. रस्त्यावरची केबल ही एक. जनरेटर ही दुसरी, आणि तो बऱ्याच ठिकाणी मुख्य पुरवठा गेल्यावर काही सेकंदांत आपोआप सुरू होतो. म्हणजे बंबवाल्याने मेन पाडला, की जनरेटरला वाटतं लाईट गेली, आणि तो इमानेइतबारे जिन्यात पुन्हा वीज सोडतो! घराघरांतले इन्व्हर्टर ही तिसरी वाट. खाली मेन पाडला तरी वरच्या फ्लॅटमधली बॅटरी पंखे-दिव्यांच्या तारा जिवंत ठेवते. चौथी, गच्चीवरचं सौर पॅनेल. जाळ्याची वीज गेली की सौर इन्व्हर्टर थांबतो, हे खरं. पण ऊन आहे तोवर पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारांत दाब असतोच. सूर्याला खटका नाही. अमेरिकेने याची दखल २०१४ च्या आवृत्तीत घेतली आणि इमारतींवरच्या सौर यंत्रणेच्या तारांतला दाब झटकन उतरवण्याची सोय सक्तीची केली. आपल्याकडे २०२४ च्या फेब्रुवारीत एक कोटी घरांवर सौर वीज नेण्याची योजना जाहीर झाली. योजना चांगलीच आहे. पण तिच्यामुळे लाखो इमारतींना दुसरी जोडणी मिळते आहे आणि त्या इमारतींच्या मीटरच्या खोलीत पाटी मात्र जुनीच आहे, किंवा नाहीच.

मीटरच्या खोलीत आग लागल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्या खोलीतूनच पंपाचीही केबल जात असेल, तर पंप आहे, पाण्याची टाकी भरलेली आहे, ना-हरकत दाखला चौकटीत लावलेला आहे, आणि तरी नळीला पाणी येणार नाही.

म्हणून व्याख्यान संपवताना आम्ही तत्त्वज्ञान सांगत नाही, एक काम सांगतो. आपल्या सोसायटीच्या पुढच्या सभेत तीन प्रश्न विचारा. पहिला : संपूर्ण इमारत तोडणारा खटका कुठे आहे आणि तो रात्री दोन वाजता वॉचमनला कुलूप न शोधता पाडता येतो का? दुसरा : तो पाडल्यावर इमारतीत वीज आणखी कुठून कुठून येऊ शकते, आणि ते सगळं एका पाटीवर लिहून त्या खटक्याजवळ लावलं आहे का? तिसरा : तो पाडल्यावर आगीचा पंप चालतो का, हे कुणी शेवटचं कधी पाहिलं? यातल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लिहून घ्या. तिसऱ्याचं उत्तर ऐकून घेऊ नका. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा, आपल्यासमोर मेन पाडायला लावा आणि पंप चालू करून बघा.